ऐंशी वर्षांची गेशा

१७७९ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, योशिवारा या सरकारमान्य वेश्यावस्तीमध्ये एक नोंदणी कचेरी सुरू झाली. वस्तीत गाण्याबजावण्यासाठी येणाऱ्या गेशांची नावे तिथे नोंदवायची, बोलावणे आले की त्यांना तिथूनच पाठवायचे आणि त्या नियमाने वागतात की नाही यावर लक्ष ठेवायचे, हे या कचेरीचे काम होते. नियम कडक होते. गेशेने भडक किमोनो नेसायचा नाही, गणिकेसारखे ढीगभर काटे केसांत खोवायचे नाहीत, पाहुण्याला खेटून बसायचे नाही. एखाद्या गणिकेने तक्रार केली की अमुक गेशेने आपला ग्राहक फोडला, तर रीतसर चौकशी होई आणि आरोप खरा ठरल्यास त्या गेशेचे काम बंद केले जाई. देहविक्रयाचा परवाना गणिकांचा होता, त्यात दुसऱ्या कोणी हात घालू नये, एवढाच या नियमांमागचा हिशेब होता. गेशांच्या अब्रूची काळजी त्यात कोणाला नव्हती. तरीही त्यातून गाणे, नाच, वादन आणि संभाषण यांवर पोट भरणारा स्त्रियांचा एक स्वतंत्र व्यवसाय कागदोपत्री उभा राहिला. ज्या गोष्टीची गेशेला अडीचशे वर्षांपूर्वी लेखी मनाई होती, तेच तिचे काम आहे असे आज जगातले असंख्य लोक धरून चालतात.

मी पुण्यात जपानी भाषा शिकवते. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. नोकरीसाठी, उच्च शिक्षणासाठी किंवा निव्वळ आवडीपोटी शिकणारी मुले-मुली दरवर्षी वर्गात येतात आणि त्यांच्याबरोबर जपानविषयीचे समजही येतात. बुलेट ट्रेन, शिस्त, ॲनिमे, सुशी या विषयांवर सगळे मोकळेपणाने बोलतात. गेशांचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारले होते, "मॅडम, त्या गेशा म्हणजे आपल्याकडच्या... तशाच ना?" मधला शब्द त्यांनी सभ्यपणे गिळला होता. मी नाही म्हणाले आणि थोडक्यात समजावले, पण ते उत्तर अपुरे होते याची रुखरुख राहिली. नुसते "नाही" म्हटल्याने या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. गेशांवरचा डाग पुसण्याच्या भरात त्यांच्या इतिहासातले खरे दुःखही पुसले जाण्याचा धोका असतो, आणि ते दुःख सांगत बसले की त्यांची कला पुन्हा दिसेनाशी होते. या लेखात ते उत्तर मी सवडीने देणार आहे.

सुरुवातीला गेशा हे पुरुष होते. सतराव्या शतकातल्या मेजवान्यांमध्ये ढोल वाजवणारे, नकला करणारे, गोष्टी सांगून मैफल हसती ठेवणारे ताइकोमोची नावाचे पुरुष कलाकार असत आणि आजही जपानात असे मोजके कलाकार उरले आहेत. स्त्रिया या कामात अठराव्या शतकाच्या मध्यावर आल्या. योशिवारातल्या ओगिया या घरातली कासेन नावाची गणिका आपले कर्ज फेडून करारातून मोकळी झाली आणि १७६१ च्या सुमारास स्वतःच्या बळावर गेशा म्हणून काम करू लागली, असे सांगितले जाते. मला या कासेनविषयी फार वाटते. सुटका झाल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती हीच, की ज्या वस्तीत तिचे शरीर गहाण होते त्याच वस्तीत ती आपली कला घेऊन परतली. पुढच्या काही दशकांत स्त्री गेशांची संख्या इतकी वाढली की एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत गेशा म्हणजे स्त्री हे समीकरण पक्के झाले. एदोच्या फुकागावा भागातल्या गेशा तर पुरुषांचे हाओरी हे जाकीट घालत, पुरुषी धाटणीची नावे घेत आणि कडाक्याच्या थंडीतही अनवाणी चालत. भपक्यापेक्षा साधेपणातला रुबाब त्यांना प्यारा होता, आणि त्या काळच्या एदोच्या अभिरुचीला वळण देण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

चित्रांमध्ये मात्र गेशा आणि ओइरान, म्हणजे वरच्या दर्जाची गणिका, यांची सर्रास सरमिसळ होते. समाजमाध्यमांवर गेशा म्हणून फिरणाऱ्या कितीतरी जुन्या चित्रांत प्रत्यक्षात ओइरान असते. फरक ओळखणे अवघड नाही. ओइरानच्या किमोनोचा ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, पुढे बांधलेला असतो आणि डोक्यात दोन्ही बाजूंनी किरणांसारखे काटे असतात. गेशेचा ओबी पाठीमागे असतो आणि केसांतले दागिने मोजके. पाठीमागे बांधलेला तो ओबी कित्येक मीटर लांबीचा असतो आणि क्योटोतल्या माइकोचा, म्हणजे शिकाऊ गेशेचा, ओबी नेसवायला तर 'ओतोकोशी' हे खास पुरुष कारागीर येतात, कारण तो आवळून बसवायला चांगलीच ताकद लागते. जो पोशाख बांधायला इतका खटाटोप लागतो, तो घालणारी देह विकते या वावड्यांना तो पोशाखच पुरेसे उत्तर आहे.

क्योटोत गेशांना गेइको म्हणतात आणि शिकाऊ मुलींना माइको. या शहरात गेशांच्या पाच वस्त्या आहेत: गिऑन कोबू, गिऑन हिगाशी, पोन्तोचो, मियागावाचो आणि कामिशिचिकेन. वस्तीचा कारभार तीन खांबांवर उभा असतो. ओकिया हे घर, जिथे मुलगी राहते, जेवते आणि शिकते. तिथल्या मालकिणीला सगळ्या 'ओकासान', म्हणजे आई, म्हणतात आणि थोरल्या गेइकोंना 'ओनेसान', म्हणजे ताई. ओचाया ही मैफलीची जागा. नावात चहा असला तरी ते चहाचे दुकान नाही आणि तिथे स्वयंपाकही होत नाही. जेवण ठरलेल्या आचाऱ्यांकडून मागवले जाते. तिसरा खांब केनबान, म्हणजे नोंदणी आणि हिशेब पाहणारी कचेरी. ओचायात अनोळखी माणसाला प्रवेश नसतो. कोणीतरी जुन्या ग्राहकाने ओळख करून द्यावी लागते आणि पाहुण्याच्या वागण्याची व बिलाची जबाबदारी त्या ओळख देणाऱ्यावर येते. त्या संध्याकाळी पैशांचा उल्लेखही होत नाही. बिल नंतर घरी किंवा कार्यालयात जाते. गेशेचा मेहनताना पूर्वी उदबत्ती किती जळाली यावरून मोजत असत. म्हणजे विकला जात होता तो वेळ, आणि त्या वेळात गाणे, नाच, साके (तांदळाची दारू) ओतणे, कोटीला कोटी, खेळ आणि बोलणे.

बोलणे हा या कामाचा अर्धा भाग आहे, आणि न बोलणे हा त्याहून महत्त्वाचा. ओचायात ऐकलेले ओचायाबाहेर न्यायचे नाही ही या व्यवसायाची पहिली शिकवण असते, त्यामुळे राजकारणी आणि उद्योजक आपल्या बैठका तिथे निर्धास्त घेत आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोगुनची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याची, सत्ता उलथवण्याच्या मसलती क्योटोच्या ओचायांतून चालल्या. त्या चळवळीतल्या कात्सुरा कोगोरो या नेत्याला १८६४ च्या धुमश्चक्रीनंतर भिकाऱ्याच्या वेषात पुलाखाली लपावे लागले होते, तेव्हा इकुमात्सु नावाची गेइको त्याला चोरून भाताचे गोळे नेऊन देत असे, ही कथा जपानमध्ये आजही आवडीने सांगितली जाते. पुढे तो किदो ताकायोशी या नावाने नव्या सरकारचा एक आधारस्तंभ झाला आणि इकुमात्सु त्याची पत्नी. जपानचे पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्या पत्नी उमेको याही पूर्वाश्रमीच्या गेशाच.

आता उमेदवारीविषयी. आज क्योटोत मुलगी साधारण पंधराव्या वर्षी, माध्यमिक शाळेचे सक्तीचे शिक्षण संपल्यावर, स्वतःच्या इच्छेने आणि पालकांच्या संमतीने ओकियात येते. पहिले वर्षभर ती 'शिकोमी' असते: घरकाम, क्योटोची बोली, उठबस, वाकण्याची रीत, आणि रोज नृत्य. परीक्षेत उतरली की महिनाभर मैफलीत कोपऱ्यात बसून नुसते पाहायचे, आणि मग 'मिसेदाशी', म्हणजे पहिले जाहीर पदार्पण. त्या दिवशी थोरल्या ताईबरोबर साकेच्या पेल्यांची देवघेव होऊन बहिणीचे नाते जोडले जाते आणि ताईच्या नावातले एक अक्षर धाकटीच्या नावात येते. पुढची पाचएक वर्षे ती माइको. माइकोला पगार नसतो. तिचे शिक्षण, किमोनो आणि खाणेपिणे ओकिया सोसते आणि तिच्या कमाईतून ते वसूल होते.

लोकांना जिचा फोटो हवा असतो ती ही माइको, पण तिच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट ती अजून शिकाऊ आहे हेच सांगत असते. पहिल्या वर्षी तिचा फक्त खालचा ओठ रंगवलेला असतो. गळपट्टी लाल असते आणि वर्षे सरतील तशी तिच्यावरची पांढरी कशिदाकारी वाढत जाते. केसांतली रेशमी फुले महिन्यागणिक बदलतात. जानेवारीत नववर्षाची सजावट, फेब्रुवारीत उमेचा, म्हणजे जपानी प्लमचा, बहर, मार्चमध्ये मोहरीची पिवळी फुले, एप्रिलमध्ये साकुरा, मे महिन्यात फुजी या वेलीच्या फुलांचे घोस, नोव्हेंबरमध्ये लाल मेपल. केस तिचे स्वतःचे असतात, आठवड्यातून एकदा बांधले जातात आणि ते मोडू नयेत म्हणून तिला उंच, अरुंद उशीवर मान टेकून झोपावे लागते. केस वर्षानुवर्षे ओढून बांधल्यामुळे पुष्कळ जणींच्या टाळूवर कायमचे छोटे टक्कल पडते. वयाच्या विशीत 'एरिकाए' होते, लाल गळपट्टी जाऊन पांढरी येते आणि ती गेइको होते. मग स्वतःच्या केसांऐवजी टोप, साधा किमोनो, आखूड ओबी. सजावट उतरत जाते आणि जबाबदारी चढत जाते. ज्या व्यवसायात उमेदवार सर्वात झगमगीत आणि उस्ताद सर्वात साधा दिसतो, तो व्यवसाय रूपाच्या बाजाराचा नियम उलटा फिरवतो. माझ्या मते गेशांविषयीचा गैरसमज खोडायला याहून बळकट पुरावा नाही.

हे मी प्रत्यक्ष पाहिले ते एप्रिलमध्ये गिऑनच्या 'मियाको ओदोरी' या वार्षिक नृत्यप्रयोगात. दिवे मंदावतात आणि पडद्याआडून एक लांबवलेली हाक येते, "मियाको ओदोरी वाऽऽ", त्याला सगळ्या जणी मिळून "योऽइयासाऽऽ" असा ओ देतात आणि दोन्ही बाजूंच्या वाटांवरून निळ्या किमोनोतल्या नर्तकी ओळीने आत येतात. सुमारे तासभर, पडदा न पाडता, चारही ऋतू रंगमंचावरून सरकत जातात. हे नृत्य इनोउए घराण्याचे आहे. गिऑन कोबूत दुसरे कुठलेच घराणे चालत नाही. नोह नाट्याची छाया या शैलीवर स्पष्ट दिसते: कंबर खाली, पाठ ताठ, चेहरा जवळजवळ स्थिर. भरतनाट्यम किंवा कथक पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना पहिली दहा मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. मग हळूहळू लक्षात येते की पंख्याच्या टोकाचे दोन बोटे खाली येणे म्हणजे पाऊस आहे, आणि मान किंचित वळणे म्हणजे कोणीतरी निघून गेले आहे.

माझी जागा कडेला होती, शामिसेन हे तीन तारांचे वाद्य वाजवणाऱ्यांच्या जवळ. नाचणाऱ्यांना ताचिकाता म्हणतात आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना जिकाता. माझ्यासमोरच्या ओळीत काळ्या किमोनोतल्या एक वृद्ध बाई होत्या. त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत विणलेला पांढरा पट्टा होता, वाद्याच्या मानेवरून हात विनाअडथळा सरकावा म्हणून वादक तो घालतात. उजव्या हातात बाची, शामिसेन छेडण्याचे रुंद पात्याचे साधन. बाचीचा फटका तारेबरोबर खालच्या कातड्यावरही पडतो, त्यामुळे प्रत्येक स्वराबरोबर एक कोरडा ठोकाही ऐकू येतो. रंगमंचावर वीस मुली एकाच क्षणी पाऊल उचलत होत्या आणि तो क्षण या बाई ठरवत होत्या. ठोक्याच्या किंचित आधी त्या "योऽ" असा आवाज देत, खालच्या पट्टीत, फारसे तोंडही न उघडता, आणि त्या आवाजावर सगळी ओळ वळत असे. सभागृहातले बहुतेक डोळे नाचणाऱ्यांवर होते. माझी नजर त्या बाचीवरून हलेना. तिथवर पोचायला चाळीस-पन्नास वर्षांचा रियाज लागतो आणि माइकोच्या पाच वर्षांत त्याचा जेमतेम पाया घातला जातो. गेशेला निवृत्तीचे वय नसते. कोविडच्या काळात टोकियोच्या आकासाका भागातल्या एका गेशेविषयी वृत्तसंस्थांनी लिहिले होते; त्या ऐंशी वर्षांच्या होत्या, १९६४ साली, ऑलिंपिकच्या वर्षी, टोकियोत आल्या होत्या, आणि मैफली बंद पडल्यामुळे हातचे काम गेल्याची त्यांना चिंता होती. ऐंशीव्या वर्षी काम गेले म्हणून चिंता वाटावी, असा हा व्यवसाय आहे.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी त्या वडिलांना दिलेल्या अपुऱ्या उत्तराचीच पुन्हा एकदा बाजू घेतल्यासारखे होईल. दुसऱ्या महायुद्धापूर्वी गेशा झालेल्या असंख्य मुली आपण होऊन आलेल्या नव्हत्या. गरीब घरांतले आईबाप उचल घेऊन मुलीला ओकियाकडे सोपवत आणि ती उचल, तिच्यावरचे व्याज, किमोनो, शिक्षण असे सगळे मुलीच्या नावे मांडले जाई. ते कर्ज फिटायला निम्मे तारुण्य जाई. 'दान्ना' म्हणजे आश्रयदाता मिळणे हा त्यातून सुटण्याचा एक मार्ग होता. तो तिचा खर्च उचले आणि बहुतेक वेळा त्यात शरीरसंबंध गृहीत असे. 'मिझुआगे' या नावाखाली कोवळ्या मुलीचे कौमार्य विकत घेण्याची चालही अनेक वस्त्यांत होती. छोट्या गावांत आणि गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी तर गेशा आणि वेश्या यांतली रेषा पुष्कळदा नावापुरतीच होती.

१८७२ हे वर्ष मला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवते. त्या वसंतात क्योटोत पहिली मियाको ओदोरी झाली. राजधानी टोकियोला गेल्याने खचलेल्या शहराला उभारी देण्यासाठी प्रदर्शन भरवले होते आणि त्यात ओचायाच्या बंद खोलीतले नृत्य पहिल्यांदा सर्वांसाठी रंगमंचावर आले. नृत्य बसवले होते इनोउए घराण्याच्या तिसऱ्या प्रमुख इनोउए याचियो यांनी. त्याच वर्षी योकोहामा बंदरात मारिया लूझ नावाचे पेरूचे जहाज आले, चिनी मजुरांना गुलामासारखे कोंबून. जपानने त्या मजुरांना सोडवले तेव्हा जहाजाच्या वकिलाने विचारले की तुमच्याच देशात मुलींचे करार असेच विकले जातात, त्याचे काय? बोलती बंद झालेल्या सरकारने काही महिन्यांत फर्मान काढून गणिका आणि गेशा यांची कर्जे रद्द केली. त्यामागचा युक्तिवाद असा होता की या स्त्रियांचे माणूसपण हिरावले गेल्याने त्या गुराढोरांसारख्या झाल्या आहेत, आणि गुराढोरांकडे कोणी कर्ज मागत नाही. मुक्त करतानाही अपमान करणारे हे फर्मान पुढे फारसे टिकले नाही. नव्या परवान्यांखाली जुनेच करार परत आले. एकाच वर्षी, एकाच देशात, त्याच स्त्रियांना रंगमंचही मिळाला आणि गुरांची उपमाही. मला या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्याशा वाटतात. वेश्याव्यवसायाला बंदी करणारा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून पूर्णपणे लागू झाला आणि त्यानंतरच्या जपानात उचल घेऊन मुलगी देणे संपले. तरी सगळे प्रश्न मिटले असे म्हणता येत नाही. २०२२ साली एका माजी माइकोने समाजमाध्यमावर लिहिले की कायद्याने वय झालेले नसताना आपल्याला दारू प्यावी लागली आणि ग्राहकांचे लैंगिक चाळे सोसावे लागले. त्यावर जपानमध्ये मोठी चर्चा झाली. ही परंपरा ज्यांना प्रिय आहे त्यांनीच असे आवाज सर्वात आधी ऐकायला हवेत, असे मला मनापासून वाटते.

मग जगभरचा गैरसमज कुठून आला? थोडा नाटक-ऑपेरांतून, जिथे जपानी स्त्री गोऱ्या नाविकाची वाट पाहत झुरते आणि मरते. पण त्याचा मोठा भाग १९४५ नंतरचा आहे. युद्धात १९४४ साली गेशांची घरे बंद करून त्यांना कारखान्यांत कामाला धाडले होते. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैनिक आले, आणि भुकेल्या शहरांत देह विकून जगणाऱ्या पुष्कळ स्त्रियांनी त्यांच्यासमोर स्वतःला गेशा म्हणवून घेतले, कारण त्या सैनिकांना जपानी स्त्रियांसाठी तोच एक शब्द माहीत होता. हजारो सैनिक ती ओळख घेऊन मायदेशी परतले. नंतर १९९७ साली अमेरिकेत आलेल्या एका कादंबरीने कौमार्याच्या लिलावाची गोष्ट घरोघरी नेली. त्या लेखकाने ज्यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली होती त्या गिऑनच्या मिनेको इवासाकी, त्यांच्या काळातल्या सर्वात नावाजलेल्या गेइको, या कादंबरीने हादरल्या. आपले नाव गुप्त राहील असे वचन होते, ते मोडले गेले आणि आपल्या बाबतीत असला लिलाव कधीच झाला नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. २००१ साली त्यांनी खटला भरला. २००३ साली तो न्यायालयाबाहेर मिटला. त्यांनी आपली हकीकत स्वतः पुस्तकरूपाने लिहिली, पण कादंबरी वाचलेल्यांच्या तुलनेत ती वाचणारे थोडेच.

आपण मराठी माणसे या बाबतीत अगदी अनभिज्ञ असायला नको होतो. गोव्याच्या कलावंत घराण्यांत 'यजमान' हा शब्द जसा वापरला जाई तसाच जपानमध्ये 'दान्ना'. देवळाशी बांधलेल्या, लग्नाचा हक्क नसलेल्या, यजमानाच्या आश्रयाने राहणाऱ्या त्या घरांनीच केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दिल्या. आज मोगूबाईंचे ध्वनिमुद्रण लावताना त्या कुठल्या घरात जन्मल्या हे कोणी हळू आवाजात विचारत नाही. आधी गाणे ऐकतो, आणि त्या घरांवर झालेला अन्यायही जाणतो. गेशांबाबत एवढे साधता आले तरी पुष्कळ झाले. विद्यार्थिनीच्या वडिलांना मी आता हेच उदाहरण देते, आणि ते त्यांना चटकन पटते.

१९२० च्या दशकात जपानात ऐंशी हजारांच्या आसपास गेशा होत्या असे सांगतात. आज सगळ्या देशात त्या हजारभरही असतील की नाही अशी स्थिती आहे, आणि क्योटोत गेइको-माइको मिळून दोन-अडीचशे. कंपन्यांनी मेजवान्यांचा खर्च आखडला, नव्या पिढीला शामिसेनची गोडी राहिली नाही, किमोनो विणणारे, टोप बांधणारे, केसांतली फुले करणारे कारागीर म्हातारे झाले. एक गेइको कमी झाली की त्या सगळ्यांच्या हातचे थोडे थोडे काम जाते. याउलट पर्यटक मात्र वाढत गेले. संध्याकाळी कामाला निघालेल्या माइकोचा रस्ता अडवणे, बाही ओढणे, तोंडासमोर फोन धरणे हे प्रकार इतके वाढले की गिऑनमध्ये २०१९ साली खाजगी गल्ल्यांत छायाचित्रे काढल्यास दहा हजार येन दंड अशा पाट्या लागल्या आणि २०२४ साली काही गल्ल्या पर्यटकांना बंदच झाल्या. ज्यांच्या मागे लोक धावतात त्यांतल्या कितीतरी जणी भाड्याचा पोशाख घातलेल्या पर्यटकच असतात, हे त्या धावणाऱ्यांना कळतही नाही. खरी माइको भरभर चालते, कारण तिला वेळेवर पोचायचे असते, आणि सोळा-सतरा वर्षांची मुलगी कामावर निघालेली असताना तिला गाठून चेहरा टिपणे हे जगात कुठेही असभ्यच आहे.

क्योटोला जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना म्हणून मी गल्लीत उभे राहण्याऐवजी तिकीट काढायला सांगते. कामिशिचिकेनची कितानो ओदोरी मार्चच्या उत्तरार्धात सुरू होते. गिऑन कोबूची मियाको ओदोरी आणि मियागावाचोची क्यो ओदोरी एप्रिलमध्ये, पोन्तोचोची कामोगावा ओदोरी मे महिन्यात, आणि गिऑन हिगाशीची गिऑन ओदोरी नोव्हेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत असते. जूनमध्ये पाचही वस्त्या एकाच रंगमंचावर येतात. मियाको ओदोरीचे चहासह तिकीट घेतले तर आधी गेइकोच्या हातचा माच्चा मिळतो आणि सोबतच्या मिठाईची छोटी बशी घरी नेता येते. कोणाच्या ओळखीची गरज पडत नाही, पैसे थेट त्या वस्तीकडे जातात, आणि तासभर मनसोक्त पाहता व ऐकता येते. जमल्यास जिकातांच्या बाजूची, कडेची जागा मागावी.